कुणी विचारलंच नव्हतं

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करायला नको. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असं म्हणतात. माझं जरा उलट आहे. ब्रह्मराक्षस आपला झाडावर गुपचूप बसलेला असतो आणि मीच खाली उभी राहून त्याला हाका मारते.

आम्ही इराणी. शहरात ज्यांची चहा-मस्क्याची हॉटेलं असायची ते इराणी वेगळे, ते पारशांच्या जवळचे. आम्ही शिया, घोड्यांबरोबर आलेलो. कधी आलो ते कुणाला धड सांगता येत नाही. माझ्या वडलांच्या आजोबांनी घोडे विकत विकत बलुचिस्तान ओलांडलं, एवढं सगळे एकमुखानं सांगतात. पण मूळचं गाव कुठलं, असं विचारलं की एक चुलता शिराज म्हणायचा, दुसरा केरमान म्हणायचा आणि जेवणाची ताटं तशीच ठेवून दोघं तासभर भांडायचे. दोघांपैकी कुणीही सातारा-सांगलीच्या फार पलीकडं गेलेलं नव्हतं. पुढं घोड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, तसं आमच्या लोकांनी चाकू-कात्र्या विकल्या, मग अंगठीतले खडे, मग चष्मे आणि गॉगल. चहा मात्र अजून बिनदुधाचा, आणि साखर पेल्यात न घालता खडा दाताखाली धरायचा. माझे वडील गुळाचा खडा धरायचे. सांगली जिल्ह्यात राहून साखर काय चघळायची, असं त्यांचं म्हणणं.

मध्ये टीव्हीवर इराणात बॉम्ब पडताना दाखवत होते, तेव्हा बाजारात भाजीवाली मला कळवळून म्हणाली, "तुमच्याकडं लय पेटलंय म्हणं." मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माझं 'आमच्याकडं' म्हणजे कुंडलच्या अलीकडं ओढ्याकाठची आमची वस्ती. तिथं त्या दिवशी फार तर पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं असेल.

त्या वस्तीत मी घाबरायला शिकले. पहाटे जीप यायची. आसपासच्या पंचवीस-तीस मैलांत कुठं गळ्यातलं ओढलं गेलं की जीप आमच्याकडं ठरलेली. आमच्यात कुणीच वाकडं नव्हतं असं मी म्हणणार नाही. होते चारदोन, आणि ते कुठल्या जातीत नसतात? पण दुसऱ्यांच्यातला चोर एकटा चोर असतो आणि आमच्यातला निघाला की पेपरात 'इराणी टोळी' येते. त्या टोळीत मग मीही असते, सातवीच्या वर्गातली, दप्तर आणि दोन वेण्यांसकट. मी रागावते घरच्या भाषेत, पण घाबरते मराठीत. जीपमधली माणसं मराठी बोलायची ना.

जीप दिसली की बाकीचे पुरुष उसात पळायचे. माझे वडील पळायचे नाहीत. ते आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन यायचे. डब्यात एसटीची तिकिटं असायची, तारखेवार सुतळीनं बांधलेली. शिवाय एक वही. आमच्या जुन्या लोकांना गावात शिरलं की आधी पोलीस पाटलाकडं हजेरी द्यावी लागायची. ती सक्ती कधीच गेली होती, पण वडलांनी सवय सोडली नाही. चष्मे विकायला ज्या बाजाराला जातील, तिथल्या हॉटेलवाल्याची नाहीतर मास्तरांची वहीत सही घ्यायचे, अमुक दिवशी अमुक वेळी हा माणूस इथं होता म्हणून. लोक हसायचे. वडील म्हणायचे, "हसू देत. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, तेव्हा संन्याशानं कमंडलूबरोबर तिकीटही जवळ ठेवावं." आम्हा भावंडांना त्यांनी एकच गोष्ट घोटून शिकवली. विचारायच्या आधी सांगा. समोरच्याच्या मनात यायच्या आत पुरावा पुढं ठेवा.

लग्न होऊन मी रहिमतपुरात आले. वस्तीत राहायचं नाही, हा माझा हट्ट. माझ्या नवऱ्यानं तो मानला. तो कमी बोलतो आणि बरंच मानतो. गावातल्या आळीत भाड्याचं घर मिळवायला आम्हाला दोन वर्षं लागली. आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. शेवटी ज्यांनी घर दिलं ते भिंतीपलीकडचे सुभेदार. फौजेतून निवृत्त होऊन ऊस लावणारा माणूस. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की पाणी वेळेवर भराल का. त्यांच्या बायकोला मी काकी म्हणते. मोहरमात काकी नवसाचे गुळाचे चोंगे करते आणि पहिला वाटा आमच्या घरी पाठवते. आम्ही त्या दहा दिवसांत काळे कपडे घालून शोक करतो, गोडाला शिवत नाही. हे वीस वर्षांत तिला सांगायचा धीर मला झालेला नाही. चोंगे डब्यात ठेवून आम्ही अकराव्या दिवशी खातो, तोवर ते खाऊन दात पाडून घ्यावेत असे झालेले असतात.

माझा मुलगा याच आळीत वाढला. आळीतली निम्मी पोरं फौजेत जायची स्वप्नं बघणारी. तोही त्यांच्याबरोबर पहाटे पळायला लागला. सुभेदार हातात घड्याळ धरून मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि माझ्या पोराला इतरांपेक्षा दोन शिव्या जास्त द्यायचे, म्हणजे तो लाडका. तिसऱ्या भरतीत तो पास झाला. धावणं, वैद्यकीय, लेखी, सगळं. आता राहिली होती पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी. शेजारच्या दोन जाणत्या माणसांनी सही करून सांगायचं होतं की हा मुलगा चांगल्या वळणाचा आहे. पहिली सही माझी, असं सुभेदारांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

घरात पेढे आले. मी मात्र त्या दिवसापासून जेवणात लक्ष नसलेली, दार वाजलं की दचकणारी झाले. आमच्या आडनावाचा कागद त्या ठाण्यात जाणार आणि तिथं कुणीतरी जुनी फाइल उघडणार, एवढंच मला दिसत होतं.

त्यातच म्हसवडची यात्रा आली. सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशी आमची तिथं चष्म्याची मांडणी असते. जवळचा चष्मा द्यायची आमची रीत अशी, की गिऱ्हाइकाच्या हातात सुई-दोरा द्यायचा आणि नंबर बदलत जायचं. दोरा गेला की तो त्याचा नंबर. नवऱ्याचा गुडघा सुजला होता म्हणून यंदा मुलगा एकटा गेला. मी त्याला वहीतल्या सह्या घ्यायला लावत नाही, जमाना बदलला. पण तासातासाला फोटो पाठवायला लावते. मागं काहीतरी ओळखू येईल असं दिसलं पाहिजे, पाटी, देऊळ, रथ. तो कुरकुरतो आणि पाठवतो. त्या दिवशी दहाचा आला, अकराचा आला, बाराचा आला. त्यानंतर एकदम साडेतीनचा.

संध्याकाळी तो गुलालानं लाल होऊन आला. जेवला, झोपला. फोटोचं मी विचारणार होते, पण तो थकला होता. त्याच सुमाराला भिंतीपलीकडून काकीचा रडण्याचा आवाज आला. मी पाण्याच्या निमित्तानं ओट्यावर गेले, तेव्हा काकीच्या सुनेनं सांगितलं की काकी यात्रेहून आल्या आणि गळ्यात बोरमाळ नाही. सासूनं घातलेली, दोन तोळ्यांची. गर्दीत गेली की एसटीत गेली, काही कळत नाही.

मी घरात आले आणि दाराला कडी लावली. का लावली ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतरचं मी क्रमानं सांगते, कारण इथं मला स्वतःला पाठीशी घालायचं नाही. सकाळी मुलगा पळायला गेला. नवरा चहा घेत होता. मी फोनमधले फोटो पुन्हा काढून बघितले. बारा आणि साडेतीन. मधले साडेतीन तास कुठं होता हा? मग आतल्या खोलीत जाऊन मी त्याची यात्रेची पिशवी उघडली. चष्म्यांची खोकी, सुईची डबी, गुलालानं माखलेला टॉवेल, खोबऱ्याचे तुकडे. टॉवेल मी झटकून बघितला. पँटचे खिसे उलटे केले. काही नव्हतं. मी सगळं होतं तसं परत ठेवलं, टॉवेलाची घडीसुद्धा तशीच.

बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाले, मी काकीकडं जाऊन येते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ओळखलं. तो म्हणाला, "तुला कुणी काही विचारलंय का? नाही ना? मग बस खाली." मी बसले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

काकी ओट्यावर होती. डोळे सुजलेले, गळा रिकामा. मी तिचा हात धरला, वाईट वाटतं म्हणाले, आणि ते खरंही होतं. आणि मग त्याच दमात बोलून गेले, की आमचा मुलगा काल म्हसवडला नव्हताच, नवऱ्याचा गुडघा दुखतोय म्हणून मांडणी रद्द केली, मुलगा सांगलीला माझ्या भावाकडं गेला होता, हवं तर भावाला फोन लावून देते. भावाला मी पिशवी परत ठेवल्यावर आतल्या खोलीतूनच फोन करून तसं सांगायला बजावून ठेवलं होतं. हे एकच काम मी त्या दिवशी नीटनेटकं केलं.

काकीला कळेना की मी काय बोलतेय. मग हळू म्हणाली, "आगं, काल त्यो माज्याबरूबरच हुता की. रथापाशी चेंगराचेंगरी झाली तवा त्यानंच मला भाईर काढलं. जेवाय घातलं. पिशवी घिऊन स्टँडवर आला, गाडीत बसवून मग माघारी गेला."

साडेतीन तास. शेजारच्या बांगड्यावालीला मांडणी बघायला सांगून माझा मुलगा साडेतीन तास काकीला सांभाळत होता. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त पायाखालची फरशी थंड लागली.

काकी म्हणाली, "आन् तू आसं का सांगाय लागलीयास?"

मागं दारात सून उभी होती. खाई त्याला खवखवे ही म्हण सगळ्यांनाच ठाऊक असते, ती मोठ्यानं म्हणावी लागत नाही. मी काहीतरी पुटपुटले, माझी चूक झाली, दिवस चुकला असं काहीसं, आणि घरी आले. आदल्या रात्रीपर्यंत त्या घरात माझ्या मुलाचं नाव फक्त कौतुकानं घेतलं गेलं होतं. बोरमाळेशी ते नाव जोडलं ते मी.

पुढचे तीन दिवस मी भिंतीला कान लावून होते. सुभेदार संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे, ते आले नाहीत. पहाटे मैदानावरही गेले नाहीत. मुलगा म्हणाला, काकांना बरं नसेल. मी मान हलवली. पडताळणीचा कागद टेबलावर होता, दोन सह्यांच्या रेघा रिकाम्या. ठाण्यातला हवालदार आठवड्याभरात चौकशीला येणार होता. तो आळीत विचारणार, मुलगा कसा आहे. आणि काकी म्हसवडला तक्रार द्यायला जाणार होती. तक्रार लिहून घेताना पहिलाच प्रश्न असतो, बरोबर कोण होतं. हे दोन कागद कुठंतरी एकमेकांना भेटतील, हा विचार डोक्यातून जाईना. एकदा रस्त्यावरून जीप गेली आणि मी मोरीत जाऊन बसले. चाळिशी उलटलेली बाई, बी. ए. झालेली, मोरीत पालथ्या बादलीवर.

नवऱ्यानं एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

चौथ्या दिवशी मुलगा दुपारी घरी आला आणि कागद टेबलावर ठेवला. दोन्ही रेघांवर सह्या होत्या. एक सुभेदारांची, फौजी, ठसठशीत. दुसरी काकीची, एकेक अक्षर सुटं. तिला सही करायला मी शिकवलं होतं, आमच्या मांडणीतला दीड नंबरचा चष्मा तिला लावून.

मी रडायलाच लागले. सुटलो, असं म्हणाले बहुतेक. मुलगा खुर्चीवर बसून बूट काढत होता. त्यानं वर बघितलं नाही. काकीनं तक्रार द्यायचं रद्द केलं, असं तो म्हणाला. सुभेदार जा म्हणत होते, तर तिनं त्यांना सांगितलं, "पोलीस इचारणार बरूबर कोण हुतं. मग मी त्या पोराचं नाव सांगू? त्येचा कागद आडकला म्हंजी?" सासूची बोरमाळ तिनं सोडून दिली.

आजही मी रात्रंदिवस त्याच गोष्टीभोवती फिरते. तिनं माळ सोडली ती विश्वासानं, की मनात शंका राहिली तरी पोराचं वाटोळं नको म्हणून? मी गेले नसते तर हा प्रश्नच नव्हता. ती सरळ तक्रारीत लिहून आली असती की शेजारचा पोरगा बरोबर होता, म्हणून जीव वाचला. आता काकी पहिल्यासारखी बोलते, डाळ-तांदूळ मागते, मोहरमात चोंगे पाठवते. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहते आणि ते आहे की नाही हे मला कधीच कळणार नाही.

पण त्या दुपारी मुलाचं बोलून संपलं नव्हतं. बूट बाजूला ठेवून तो म्हणाला, काकीनं त्याला घरात बोलावलं होतं. समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "बाळा, तू घेतलीस का रं?" तो नाही म्हणाला. ती म्हणाली, मग झालं, आण तो कागद.

"तिनं मला विचारलं, आई," तो म्हणाला. "तोंडावर विचारलं. वाईट वाटलं मला, पण विचारलं. तू विचारलं न्हाईस. टॉवेल मी कधी घडी करून ठेवत न्हाई, बोळा करून टाकतो. तू घडी करून ठेवलास."

टॉवेल घडी केलेलाच होता, असं मला अजून वाटतं. भीतीनं माणसाला काय दिसतं याचा भरवसा नाही. मी त्याला म्हणाले, पोलिसांच्या भीतीनं केलं सगळं, तुला वाचवायला केलं, आजोबांनी शिकवलेलंच केलं. त्यानं ऐकून घेतलं. उठून त्यानं माझ्यासाठी पाणी आणलं.

तो आता दूर आहे, ट्रेनिंगला. फोन रविवारी करतो. बापाचा गुडघा विचारतो, काकीला द्या म्हणतो, सुभेदारांच्या शिव्या खातो आणि हसतो. माझ्याशीही नीट बोलतो. चांगला मुलगा आहे, असं दोन माणसांनी लिहून दिलेलंच आहे. त्या दोघांत मी नाही. आईची सही तिथं चालत नाही हे खरं, पण चालत असती तरी मी त्या सकाळी ती खोटी केली असती. त्याला वाचवायला पिशवी उघडली, हे मी त्याला सांगितलं ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं त्याला माहीत असावं, म्हणूनच तो पुन्हा कधी तो विषय काढत नाही. त्या टॉवेलाखाली हात घालताना मला वाटलं होतं, की माळ हाताला लागेल.